हॉस्टेल-कॉलेजच्या एचटी मीटरचा अर्ध्या तासाचा डेटा मिळालाय. वीज नेमकी कुठं जाते हे त्यातून कसं काढायचं?

मांजरा_कॅम्पस (लातूर)

रामराम मंडळी. आमच्या संस्थेचं एक ज्युनिअर कॉलेज, दोन हॉस्टेल (मिळून १५० खोल्या, ३०० मुलं), मेस आणि रात्रभर उघडी राहणारी अभ्यासिका असं सगळं एकाच ११ केव्हीच्या एचटी (उच्चदाब) कनेक्शनवर आहे. करार मागणी (महावितरणशी ठरलेला कमाल भार) २०० केव्हीए, स्वतःचा ३१५ केव्हीए ट्रान्सफॉर्मर, डीजी (डिझेल जनरेटर) सेट वेगळा. छतावर सोलर नाही, पुढच्या वर्षी बसवायचा विचार आहे.

मुलांची संख्या तेवढीच आहे, पण बिल वाढायलंय. एप्रिलचे ४२,६०० युनिट आले. जानेवारीत डिमांड (महिन्यातली कमाल मागणी) १६८ केव्हीएला गेली होती, आणि डिमांड चार्जमध्ये तिचा परिणाम अजून दिसायलाय. महावितरणकडं अर्ज करून मीटरचा लोड सर्व्हे घेतला. फाइलमध्ये दर ३० मिनिटांना एक ओळ आहे आणि केडब्ल्यूएच, केव्हीएएच, लॅग, लीड असे रकाने आहेत. पण आकडे फारच लहान दिसतात. रात्री दोनला ०.०४१, दुपारी दोनला ०.२१५. एवढ्या मोठ्या कॅम्पसचा भार एवढा कसा असेल?

हे आकडे वाचायचे कसे आणि त्यातून गळती पकडायची कशी, एवढं सांगा. लगेच सबमीटर बसवायला बजेट नाही, पण गरजच असेल तर मांडणी करून व्यवस्थापनापुढं ठेवता येईल.

फीडर_संभाजीनगर

आकडे बरोबर आहेत, फक्त ते सीटी-पीटीच्या (मीटरसाठी करंट आणि व्होल्टेज लहान करणारे ट्रान्सफॉर्मर) दुय्यम बाजूचे आहेत. बिलावर किंवा मीटरच्या पेटीवर सीटी आणि पीटी रेशो लिहिलेला असतो. २०० केव्हीएला ११ केव्हीवर साधारण साडेदहा अँपिअर करंट येतो, म्हणजे सीटी बहुधा १५/५ असेल. पीटी ११ केव्ही/११० व्होल्ट. गुणक झाला ३ × १०० = ३००. मात्र काही मीटरमध्ये रेशो आधीच भरलेला असतो, तिथे गुणक १ असतो. काहींमध्ये फक्त पीटीचा रेशो भरलेला असतो, मग तो ३ होतो. अंदाजावर राहू नका. ३१ मार्चच्या रात्री बारापासून ३० तारखेच्या रात्री बारापर्यंत केडब्ल्यूएचच्या रकान्याची बेरीज करा. ती १४२ च्या आसपास आली तर १४२ × ३०० = ४२,६०० आणि विषय संपला. ही बेरीज बिलाशी एक टक्क्याच्या आत जुळत नाही तोवर एकही आलेख काढू नका.

दुसरी गोष्ट. रकान्यात केडब्ल्यूएच लिहिलंय, म्हणजे ती त्या अर्ध्या तासातली वीज आहे, भार नाही. भार हवा तर दुप्पट करावी लागेल. रात्री दोनचे ०.०४१ × ३०० × २ = २४.६ किलोवॅट. दुपारचे ०.२१५ म्हणजे १२९ किलोवॅट. अर्ध्या तासाच्या फाइलमध्ये दुपटीचा हा गुणाकार राहून जाणं ही अगदी नेहमीची चूक आहे. मग सगळा भार निम्मा दिसतो आणि कुणालाच संशय येत नाही.

आता वेळेकडे वळू. १४:३० ची ओळ बहुतेक मीटरमध्ये १४:०० ते १४:३० या काळाची असते. म्हणजे शिक्का शेवटचा, सुरुवातीचा नाही. मीटरचं घड्याळही मोबाइलशी ताडून बघा. ते वीस मिनिटं मागं असेल तर टीओडीचे (वेळेनुसार वेगळा दर लागणारे) युनिटही चुकीच्या तासात पडतात, आणि तशी लेखी तक्रार उपविभागात देता येते. मीटरचं सील, सीटीची पेटी, टर्मिनलचं झाकण, कशालाही हात लावायचा नाही. विद्युत कायदा २००३ चं कलम १३८ त्यासाठीच आहे. स्वतःचं मोजमाप करायचं ते आपल्या एलटी (लघुदाब) पॅनेलमध्ये.

लाइट गेलेली असते तेव्हा ओळ शून्य येते किंवा येतच नाही. डीजी चालू असताना इमारत वीज वापरतच असते, पण महावितरणच्या मीटरला ते कळत नाही. असे अर्धे तास वेगळ्या रंगात ठेवा, सरासरीत धरू नका. नाहीतर मे महिन्यात जितक्या वेळा लाइट गेली तितकी तुमची ‘बचत’ झालेली दिसेल.

हे सगळं जुळलं की एकच तक्ता करा. उभ्या ओळीत तारखा, आडव्या ओळीत ४८ अर्धे तास, खान्यात किलोवॅट. स्प्रेडशीटच्या पिव्हट टेबलात हे काम पाच मिनिटांचं आहे. खान्यांना कमी-जास्त भाराप्रमाणे रंग द्या, पिवळ्यापासून लालपर्यंत. रविवारची ओळ सोमवारसारखीच लाल दिसली तर वर्ग बंद असताना काहीतरी चालू आहे. सकाळी सातचा पट्टा सुट्टीतही तसाच असेल तर ते टायमरवरचं यंत्र आहे, माणसाचं काम नाही. महिन्याच्या एकाच आकड्यात यातलं काहीही दिसत नाही, आणि म्हणून बिलाकडे बघून घेतलेले निर्णय नेहमी एसीवरच येऊन थांबतात.

पहिला शोध रात्रीचा घ्या. रात्री दोनला तुमच्याकडे काय चालू असायला हवं ते कागदावर मांडा. १५० छताचे पंखे, जुने असतील तर प्रत्येकी ७५ वॅट, म्हणजे ११.२५ किलोवॅट. मेसचे फ्रीज दीडएक, सीसीटीव्ही, सर्व्हर आणि नेटवर्क दीड, बाहेरचे दिवे आणि अभ्यासिका मिळून दोन, ट्रान्सफॉर्मरचा रिकामा तोटा साधारण अर्धा. बेरीज पावणेसतरा. मीटर म्हणतं २४.६. म्हणजे जवळजवळ ८ किलोवॅटचा हिशेब लागत नाही. महिन्याचा गुणाकार आत्ताच करू नका. आधी एका नेहमीच्या रात्रीचे १० ते ६ चे सगळे अर्धे तास इथं टाका. तो भार सपाट आहे, दातेरी आहे की पायरीसारखा, यावरून यंत्र ओळखता येतं. वॉटर कूलर आणि फ्रीज दातेरी दिसतात, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होतो. सर्व्हो स्टॅबिलायझर आणि यूपीएसचा तोटा सपाट असतो. पंप पायरी करतो.

मांजरा_कॅम्पस (लातूर)

सर, बेरीज १४१.८ आली, म्हणजे गुणक ३०० नक्की. मीटरचं घड्याळ दोन मिनिटं पुढं आहे.

१७ एप्रिलची रात्र (केडब्ल्यूएच, फाइलमधले मूळ आकडे):
२२:३० ०.०३८
२३:०० ०.०३२
२३:३० ०.०४२
००:०० ०.०४२
०१:०० ०.०४१
०२:०० ०.०४१
०३:०० ०.०४१
०४:०० ०.०४१
०४:३० ०.०२९
०५:०० ०.०२९
०५:३० ०.०३६

जवळपास रोज असंच दिसतं, अकराला चढतं आणि चारला उतरतं. रात्री दोनला केव्हीएएच ०.०५६ आहे आणि लीडच्या रकान्यात आकडे आहेत, ते काय असतं?

विहीर_बोअर_बीड

तुमची पायरी ०.०४१ वरून ०.०२९ वर उतरते. ०.०१२ × ६०० (म्हणजे ३०० × २) = ७.२ किलोवॅट. साडेसात एचपीच्या सबमर्सिबलचं आउटपुट ५.६ किलोवॅट, मोटरची कार्यक्षमता ७७-७८ टक्के धरली की इनपुट बरोबर सव्वासातच्या आसपास येतं. अकरा ते चार टायमरवर असलेला बोअरचा पंप आहे हा, दुसरं काही असण्याची शक्यता फार थोडी. स्टार्टरच्या पेटीत टायमर कितीवर लावलाय ते बघा.

आता यात वाया किती जातंय ते मोजता येतं. एक हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला सिद्धांताप्रमाणे ०.००२७२५ युनिट लागतं. तुमच्या भागात उन्हाळ्यात बोअरची पातळी ८० मीटर, वरच्या टाकीची उंची १५, पाइपातलं घर्षण ५ असं १०० मीटर धरू. मग हजार लिटरला ०.२७ युनिट. सबमर्सिबलची पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ४० ते ४५ टक्के असते, म्हणजे प्रत्यक्षात ०.६ ते ०.७ युनिट. तासाला ७.२ युनिट जळतात तर ११ हजार लिटर वर यायला हवं, पाच तासांत ५५ हजार. ३०० मुलांना माणशी १३५ लिटरनं दिवसाला ४०,५०० लिटर पुरतं. टाकी सकाळी भरलेलीच असते ना? मग उरलेलं पाणी एकतर ओव्हरफ्लोच्या पाइपातून जातंय, किंवा एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) खराब असेल तर पंप बंद झाल्यावर परत बोअरमध्ये उतरतंय. मराठवाड्यात एप्रिलमध्ये हे विजेपेक्षाही पाण्याचं नुकसान जास्त आहे.

तपासायचं असं. रात्री बाराला टाकीवर माणूस पाठवा. ओव्हरफ्लो वाहत असेल तर प्रश्न मिटला, टायमर काढून लेव्हल कंट्रोलर बसवा. वरच्या टाकीत दोन इलेक्ट्रोड किंवा फ्लोट, आणि बोअरमध्ये ड्राय-रन संरक्षण. साधा गोळा-फ्लोट पाण्यातल्या क्षारांनी अडकतो, आपल्याकडच्या जड पाण्यात हे हमखास होतं. स्टेनलेस स्टीलचे इलेक्ट्रोडही महिन्या-दोन महिन्यांनी पुसावे लागतात, पांढरा थर बसला की ‘पाणी नाही’ असा खोटा निरोप जातो आणि पंप बंदच होत नाही.

ओव्हरफ्लो वाहत नसेल आणि पाणीही येत नसेल तर क्लॅम्प मीटरनं करंट बघा. बोअर कोरडं पडून पंप नुसता फिरत असेल तर भार ७ वरून ३-४ किलोवॅटवर येतो आणि पॉवर फॅक्टर (किलोवॅट भागिले केव्हीए) घसरतो. तुमची पायरी पूर्ण सव्वासातची आहे, म्हणजे एप्रिलपर्यंत तरी पाणी उचललं जात होतं. मेच्या फाइलमध्ये हीच पायरी मधेच निम्मी झालेली दिसली तर पंप तातडीनं थांबवा. कोरडा चाललेला सबमर्सिबल थंड राहत नाही आणि वाइंडिंग जळतं.

शक्य असेल तर बोअरच्या डिलिव्हरीवर एक पाण्याचं मीटर लावा आणि हजार लिटरला किती युनिट लागले ते दर आठवड्याला लिहा. पातळी खाली गेली की आकडा हळूहळू वाढतो, इंपेलर झिजला की पावसाळ्यातही तो खाली येत नाही. दोन्हींतला फरक या एका नोंदीवरून कळतो.

कॅपॅसिटर_नांदेड

लीडचं मी सांगतो, कारण त्यात पैसे थेट जातात. एचटी ग्राहकांचं बिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर आहे. मोटरसारख्या भारामुळे लॅग येतं, कॅपॅसिटर गरजेपेक्षा जास्त झाले की लीड. पॉवर फॅक्टर लॅग असो की लीड, केव्हीएएच वाढतंच. तुमचं रात्री दोनला ०.०५६ × ६०० = ३३.६ केव्हीए, आणि किलोवॅट २४.६. पॉवर फॅक्टर ०.७३. वर्गांच्या वजाबाकीनं २३ केव्हीएआर (काम न करणारा, रिअ‍ॅक्टिव्ह भार) लीड निघतं. मुळात पंप आणि पंख्यांना थोडं लॅग लागतंच, म्हणजे रात्रभर २५ किंवा त्याहून जास्त केव्हीएआरचे कॅपॅसिटर नको असताना जोडलेले आहेत. दहा ते पाच हीच स्थिती असेल तर ९ केव्हीए × ७ तास = रोज ६३, महिन्याला १,८९० केव्हीएएच फुकट.

एपीएफसी (कॅपॅसिटर आपोआप जोडणाऱ्या-सोडणाऱ्या) पॅनेलसमोर रात्री उभं राहा. रिलेवर सगळे टप्पे बंद दाखवत असतील आणि तरी एखाद्या कॅपॅसिटरच्या केबलला करंट असेल तर त्या कॉन्टॅक्टरचे (रिलेच्या हुकमावर चालणारा स्विच) संपर्क चिकटलेत. कॅपॅसिटर ड्यूटीचा कॉन्टॅक्टर न लावता साधा लावला की असंच होतं, कारण जोडतानाचा झटका त्याला सोसत नाही. रिले मॅन्युअलवर ठेवून विसरलेला असणं हेही फार ठिकाणी दिसतं. तिसरी शक्यता म्हणजे रिलेचा सीटी चुकीच्या जागी असणं. तो कॅपॅसिटरच्या फाट्यानंतर, भाराच्या बाजूला बसवलेला असेल तर रिलेला कॅपॅसिटरचा परिणाम दिसतच नाही आणि तो टप्पे वाढवतच राहतो. सीटी इनकमरवर, फाट्याच्या आधी हवा. चौथं म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळ लावलेला कायमचा कॅपॅसिटर. सगळे टप्पे २५ चेच असतील तर ५ आणि १० चे एक-दोन टप्पे करून घ्या, नाहीतर रात्रीच्या लहान भाराला रिले कधीच नीट जुळवू शकणार नाही.

कॅपॅसिटरला हात लावण्याआधी स्विच काढून किमान पाच मिनिटं थांबा आणि टर्मिनलवर व्होल्टेज उरलं नाही ना ते मोजा. डिस्चार्ज रेझिस्टर तुटलेला असू शकतो.

जानेवारीच्या १६८ बद्दल. तेव्हाचा लोड सर्व्हे मीटरमधून पुसला गेला असेल, पण बिलिंग हिस्टरीत दर महिन्याच्या कमाल मागणीची तारीख आणि वेळ असते. ती मागून घ्या. सकाळी साडेसहाच्या आसपासची निघाली तर गीझर. किती आहेत?

मांजरा_कॅम्पस (लातूर)

वेळ ०६:३० च आहे, १२ जानेवारी. गीझर २४, प्रत्येकी २५ लिटर, ३ किलोवॅट. आणि बीडच्या सरांचं खरं निघालं, टाकीचा ओव्हरफ्लो रात्रभर मागच्या नाल्यात वाहत होता.

कॅपॅसिटर_नांदेड

मग हिशेब असा. २५ लिटर पाणी १८ वरून ५५ अंशांवर न्यायला साधारण १.०८ युनिट लागतं, ३ किलोवॅटच्या गीझरला बावीस मिनिटं. चोवीसही एकदम लागले तर त्या एका अर्ध्या तासात २६ युनिट, म्हणजे ५२ किलोवॅट सरासरी. तुमचं मीटर डिमांड अर्ध्या तासाच्या सरासरीनं धरतं, म्हणून बावीस मिनिटांचं हे काम नेमकं त्या खिडकीत बसतं. दोन हॉस्टेलचे टायमर वेगळे करा. एक ४:३० ते ५, दुसरं ५ ते ५:३०, आणि नंतरचं पुन्हा तापवणंही आलटूनपालटून. शिखर सुमारे २५ किलोवॅटनं उतरतं. टायमरच्या मागं १६ अँपिअरच्या प्लगचा भरवसा ठेवू नका, चार गीझरच्या गटाला एक कॉन्टॅक्टर द्या. टायमरला आतली बॅटरी असलेला घ्या, नाहीतर लाइट गेली की दोन्ही पुन्हा एकाच वेळेला येतील.

बिलिंग डिमांड ठरवताना त्या महिन्याची प्रत्यक्ष मागणी आणि मागच्या ११ महिन्यांतल्या सर्वोच्च बिलिंग डिमांडचे ७५ टक्के यांत जे जास्त ते धरतात. १६८ चे ७५ टक्के १२६, तो आकडा तुमच्या मागं डिसेंबरपर्यंत राहणार. याशिवाय करार मागणीच्या ठरावीक टक्क्यांचीही खालची मर्यादा असते, ती चालू दरपत्रकात बघा. ती १२६ च्या वर असेल तर शिखर कितीही कापलं तरी डिमांड चार्ज हलणार नाही. तेव्हा करार मागणी कमी करण्याचा अर्ज हाच मार्ग. पण तो एक पूर्ण हिवाळा नीट गेल्याचं आकड्यांत दिसल्यावरच द्या. मागणी करारापेक्षा वर गेली की जादा भागाला दंडाचा दर लागतो.

मांजरा_कॅम्पस (लातूर)

हे दोन्ही या आठवड्यात करून घेतो. आता सबमीटरचं. पॅनेलमध्ये सहा फीडर (वेगवेगळ्या भागांना जाणाऱ्या लाइनी) आहेत: हॉस्टेल अ, हॉस्टेल ब, मेस, कॉलेज इमारत, अभ्यासिका-संगणक कक्ष, आणि पंप. काय घ्यायचं, आणि बसवताना इलेक्ट्रिशियनकडून कुठल्या चुका होतात?

मॉडबस_परभणी

भाऊ, सहा फीडरला सहा मल्टिफंक्शन मीटर घ्या, आरएस-४८५ मॉडबस (आकडे तारेनं बाहेर पाठवायची सोय) असलेले, अचूकता क्लास १ पुरे. यावर कुणाला बिल लावायचं नाही, त्यामुळे ०.५ एसचे जादा पैसे देऊ नका. पैसे वाचवायचेच असतील तर पंप आणि दोन्ही हॉस्टेल एवढ्या तिघांपासून सुरुवात करा, बाकीचं वजाबाकीनं कळतं.

सीटी निवडताना एमसीसीबीचा (फीडरचा मोठा ब्रेकर) आकडा बघून घेऊ नका, इथंच सगळे फसतात. फीडरला २०० अँपिअरचा एमसीसीबी आहे म्हणून २००/५ लावतात आणि रात्रीचा करंट असतो १० अँपिअर. क्लास १ चा सीटी पूर्ण करंटला १ टक्का चुकतो, २० टक्के करंटला दीड, आणि ५ टक्क्यांवर ३ टक्के. त्याच्याही खाली हमीच नाही. तुम्हाला तर शोध रात्रीच्या भाराचाच घ्यायचाय. क्लॅम्प मीटरनं आठवडाभरातला सर्वात मोठा करंट बघा आणि त्याच्या दीडपट सीटी घ्या. कमाल ६० अँपिअर जात असेल तर १००/५.

मीटर सीटीजवळच बसवा. २.५ चौ.मि.मी.च्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओम असतो. दहा मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर, ०.१५ ओम, आणि ५ अँपिअरला ३.७ व्हीए नुसत्या तारेत जातात. ५ व्हीएच्या सीटीचा जोर तिथंच संपत येतो.

जोडणीत लक्ष ठेवायचं ते हे: सीटीची पी-१ बाजू पुरवठ्याकडे, आर फेजचा सीटी आर व्होल्टेजच्याच जोडीला. एका फेजचा सीटी उलटा बसला की समतोल भारावर एकूण आकडा एक तृतीयांश दिसतो, कारण दोनमधून एक वजा होतो. फेज अदलाबदल झाले असतील तर आकडा बरोबर वाटेल असा येतो, म्हणून तो प्रकार जास्त घातक. तपासायला हॉस्टेलच्या फीडरवर तिन्ही फेजवरचे गीझर लावा आणि मीटरवर प्रत्येक फेजचा पॉवर फॅक्टर बघा. तिन्ही १ च्या जवळ हवेत. एखादा ०.५ दाखवत असेल किंवा किलोवॅट उणे असेल तर तिथे चूक आहे.

चालू फीडरवर सीटीची दुय्यम तार कधीही उघडी ठेवू नका, तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. शॉर्टिंग लिंक असलेला टेस्ट टर्मिनल ब्लॉक लावा. सीटीच्या तारेत फ्यूज नको, व्होल्टेजच्या तारेत मात्र २ अँपिअरचा फ्यूज हवाच. काम परवानाधारक कंत्राटदाराकडून, शटडाउन घेऊन. शटडाउन मिळतच नसेल तर उघडणारा स्प्लिट-कोअर सीटी घ्या, फक्त त्याची दोन तोंडं स्वच्छ आणि घट्ट बसली पाहिजेत. मधे धूळ राहिली तरी आकडा घसरतो.

संपर्काची तार शिल्डेड, पिळाची जोडी. एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी साखळी, मधूनच फाटे नाहीत. दोन्ही टोकांना १२० ओमचा रोध, शिल्ड एकाच टोकाला अर्थ. ९६०० बॉड, प्रत्येक मीटरला वेगळा क्रमांक. सीटी रेशो मीटरमध्ये भरा किंवा सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हीकडे भरला की वीसपटीचा आकडा चारशेपट होतो. आकडे अब्जात किंवा शून्याच्या जवळ काहीतरी विचित्र आले तर मीटर बिघडलेलं नसतं, मॉडबसवर दशांश आकडा (फ्लोट) दोन तुकड्यांत येतो, त्यांचा क्रम उलटा वाचलेला असतो.

साठवताना फक्त किलोवॅट साठवू नका, एकूण युनिटचं रजिस्टरही दर मिनिटाला साठवा. नेट किंवा गेटवे (मीटरचे आकडे गोळा करून पाठवणारी पेटी) दोन तास बंद पडला तरी दोन वाचनांच्या वजाबाकीतून त्या काळातली वीज कळते. किलोवॅटच्या रकान्यातलं भगदाड मात्र कायमचं राहतं. वेळ भारतीय आहे की यूटीसी तेही पहिल्याच दिवशी ठरवा. साडेपाच तासांचा फरक राहिला तर सकाळी साडेसहाचं गीझरचं शिखर आलेखात रात्री एकला दिसेल आणि तुम्ही पंपाला दोष देत बसाल.

मजल्यांवर जुनी साधी सिंगल फेज मीटरं असतील तर ती फेकू नका. त्यांच्या लाल दिव्याशेजारी इंप/केडब्ल्यूएच लिहिलेलं असतं, समजा ३२००. दहा लुकलुकींना ९ सेकंद लागले तर भार = ३६०० × १० ÷ (३२०० × ९) = १.२५ किलोवॅट. रात्री अकराला एकेका मजल्यावर मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन गेलात की पाण्यात टाकायचा रॉड कुठल्या मजल्यावर चालू आहे ते फुकटात कळतं.

फीडर_संभाजीनगर

पंपाची पायरी गेल्यावर तुमचा खरा तळ १७.४ किलोवॅट उरतो आणि त्यातला सर्वात मोठा वाटा पंख्यांचा आहे. टायमर, कॅपॅसिटर आणि फ्लोटला खर्च जवळपास नाही, ते आधी. पंख्यांना पैसे लागतील. ७५ ऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा), रोज १४ तास, वर्षात २७० दिवस धरले तर पंख्यामागे १७० युनिट वाचतात, १५० पंख्यांचे २५,५०० युनिट. हे पैशात मांडताना बिलाच्या एकूण रकमेला युनिटनं भागून आलेला दर घेऊ नका, डिमांड चार्ज पंखे बदलून कमी होत नाही. ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क एवढ्यांचीच बेरीज घ्या. हॉस्टेलसाठी रिमोटचे पंखे नकोत, रिमोट हरवतात. भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे मिळतात. जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तसाच ठेवून साधा बीएलडीसी जोडला तर त्याचा ड्रायव्हर (आतलं सर्किट) जातो. आणि पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर असल्याचं पत्रक मागा.

संगणक कक्ष आणि अभ्यासिकेच्या एसींना २४ अंशांच्या खाली कुलूप घाला. बीईईच्या (केंद्राची ऊर्जा कार्यक्षमता संस्था) म्हणण्याप्रमाणे एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते. आणि अभ्यासिकेत एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत डेझर्ट कूलर चालतात, जूनपासून चालत नाहीत. वर्षभर एसी लावायची गरज नाही.

बचत झाली की नाही हे या मेचं बिल मागच्या मेशी ताडून ठरवू नका. रोजचे युनिट एका अक्षावर, त्या दिवसाचं सरासरी तापमान दुसऱ्यावर, असे ठिपके मांडा. रविवार आणि हॉस्टेल रिकामं असलेले दिवस वेगळ्या रंगात. थंडीकडच्या टोकाला गीझरनं थोडा चढ दिसेल, मधे सपाट, मग कुठल्यातरी तापमानापासून एसी-पंख्यांची चढती रेघ. बदलानंतरचे ठिपके याच आलेखावर टाका. रेघ आहे तशी खाली सरकली तर रात्रीचा तळ कमी झाला, चढ सौम्य झाला तर थंडाव्याची वीज वाचली.

सोलर बसण्याआधी किमान तीन-चार महिन्यांचा असा डेटा जमवून ठेवा. सोलर लागल्यावर महावितरणच्या मीटरला दिवसा फक्त शिल्लक भार दिसतो, आणि इमारतीचा खरा वापर काढायला इन्व्हर्टरची निर्मिती मिळवून निर्यात वजा करावी लागते. दुसरं असं की सोलर किलोवॅट कमी करतं, केव्हीएआर तेवढेच राहतात. दुपारचा पॉवर फॅक्टर एकदम घसरतो. तोवर एपीएफसी नीट झालेला असायला हवा.

मांजरा_कॅम्पस (लातूर)

एक कॉन्टॅक्टर चिकटलेलाच निघाला, २५ चा टप्पा. तो काढून ठेवलाय. रोज लक्ष कुणी ठेवायचं हा प्रश्न आहे, इलेक्ट्रिशियन एकच आहे.

मॉडबस_परभणी

रोज आलेख बघायला कुणी बसत नाही, ते सोडून द्या. गेटवेमध्ये तीनच इशारे लावा. रात्री १ ते ३ ची सरासरी २० किलोवॅटच्या वर सलग दोन रात्री. पंपाचा फीडर सलग तीन तास चालू, किंवा चालू असताना ५ किलोवॅटच्या खाली. आणि एकूण मागणी १४० केव्हीएच्या वर दहा मिनिटं, म्हणजे अर्ध्या तासाची खिडकी भरायच्या आत वॉर्डनला फोन करून गीझरचा एक गट पाडता येतो. पहिली मर्यादा ऑक्टोबर अखेर पंखे कमी झाले की १२ वर आणा, नाहीतर हिवाळाभर ती गप्पच बसेल. गेटवे यूपीएसवर ठेवा, लाइट आल्यानंतरचा पहिला अर्धा तास त्याच्याकडून हमखास सुटतो आणि सगळे पंप नेमके तेव्हाच एकदम उठतात.